इंग्रजीतलं चि. सौ. कां.

हर्षलच्या वागण्याबद्दल सगुणाबाईंची तक्रार रोज सकाळी ताजी होऊन उगवायची. हा घोडा नऊ वाजता उठतो, चहाचा कप घेऊन गच्चीत जाऊन बसतो आणि कुणी काम सांगितलं की म्हणतो, "आजी, माझा अभ्यास चाललाय." अभ्यास कसला, तर जुन्या इंग्रजी काव्यात तरण्या पोरीला काय काय म्हणत असत, त्याचा. आणि तो पुरा झाला की विद्यापीठ म्हणे त्याला डॉक्टर म्हणणार!

"पाच वर्षं झाली," सगुणाबाई मेथी निवडता निवडता सुनेला ऐकवायच्या, "पोरीला काय म्हणायचं ते हा शोधतोय. तेवढ्या वेळात एखाद्या पोरीला काही म्हणाला असता, तर आज ही मेथी नातसून निवडत बसली असती."

सून ललिता, म्हणजे हर्षलची आई, यावर काही बोलत नसे. उत्तर दिलं की भाजी चुलीवर चढायला उशीर होतो, हे तिला अनुभवाने कळलं होतं.

सगुणाबाईंची शाळा चौथीत सुटली होती, पण तोंड कधी सुटायचं राहिलं नव्हतं. नवरा गेला तेव्हा मुलगा सुनील तिसरीत होता. सायखेड्याची भाऊकी म्हणाली, "शेतावर राहा, दोन घास मिळतील." सगुणाबाई म्हणाल्या, "दोन घास मीच लोकांना घालते," आणि नाशकात येऊन पंचवटीत खानावळ काढली. कॉलेजची पोरं, ट्रकवाले, कोर्टाच्या तारखेला आलेले पक्षकार, सगळे त्यांच्या हातचं जेवून आणि त्यांची बोलणी खाऊन तृप्त होऊन जायचे. त्याच खानावळीवर सुनील शिकला आणि म्हसरूळला घर उभं राहिलं. त्या घरात आता हर्षलची धाकटी बहीण तृप्ती हिचं लग्न निघालं होतं.

नवरामुलगा रोहित मनमाडचा, पण नोकरीला बेंगळुरूला. त्याच्या ऑफिसातल्या लोकांना मराठी कुठून येणार? म्हणून पत्रिका दोन्ही बाजूंनी छापायची ठरली. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. इंग्रजी बाजू हर्षलने लिहिली आणि कागदावर काढून, ललिताबरोबर मेथी निवडत बसलेल्या आजीसमोर धरली.

सगुणाबाईंना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण मोकळी जागा वाचता येत होती.

"हे तृप्तीचं नाव?"

"हो."

"आणि याच्या आधी काय?"

"काही नाही. थेट नाव."

"चि. सौ. कां. कुठंय?"

"इंग्रजीत नसतं ते, आजी."

"नसतं म्हणजे? इंग्रजांनी एवढी वर्षं राज्य केलं ते पोरींची बोडकी नावं घेऊन? आपल्या घरची पोरगी बोडक्या नावानं मांडवात उभी राहणार नाय. बघ काहीतरी."

"मिस लिहू?"

"मिस शाळेतल्या बाईंना म्हणतात. पोरगी बँकेत आहे, तिला मास्तरीण करू नको."

हर्षलने मान खाजवली. मग एकाएकी त्याचा चेहरा उजळला. पाच वर्षांत या घरात त्याच्या विषयातलं कुणी काही विचारलं नव्हतं. "तसे शब्द आहेत," तो खुर्ची पुढे ओढून म्हणाला, "पण फार जुने."

"पत्रिकेत जुनंच शोभतं. काढ बाहेर."

"एक आहे डॅम्सेल. मोठ्या घरची, देखणी मुलगी. राक्षस तिला उंच बुरुजात कोंडून ठेवतो. ती खिडकीत बसून रडते."

"का? काय केलं होतं तिनं?"

"तिनं काही नाही केलं. काव्यात तसंच असतं."

"आणि घरचे?"

"घरच्यांचा फारसा उल्लेख नसतो."

"म्हणजे आपल्या घरासारखंच. कामाच्या वेळी कुणी दिसत नाय." सगुणाबाईंनी हर्षलकडे रोखून पाहिलं. "मग सुटते कशी?"

"एक सरदार घोड्यावर बसून येतो आणि तिला घेऊन जातो."

सगुणाबाईंनी मेथीची नवी जुडी सोडली. "घोड्यावर येतो? आपला रोहितही घोड्यावरच येणार. म्हणजे बरोबर जुळतंय. डॅम्सेल घाल."

एवढ्यावर भागलं असतं तर ती पत्रिका कपाटात जाऊन पडली असती आणि कुणाला आठवलीही नसती. पण सगुणाबाईंची नजर कागदावर खाली सरकली, जिथे निमंत्रण देणाऱ्यांची नावं होती. तिथलं दुखणं जुनं होतं. नवरा गेल्यापासून भाऊकीतल्या प्रत्येक पत्रिकेत त्यांच्या नावापुढे 'श्रीमती' यायचं, आणि लगेच खाली धाकट्या जावेचं, विमलाबाईंचं, 'सौ.' कुंकू लावल्यासारखं चमकायचं. विमल ते बोट ठेवून वाचायची. मोठ्याने. चष्मा नसला तरी वाचायची.

"हर्षल," त्या अगदी सहज विचारल्यासारखं म्हणाल्या, "आणखी कोण कोण असतं रे तुझ्या त्या काव्यात?"

"मेडन असते. ती ओढ्याकाठी केस धुते, फुलं वेचते, गाते. लास असते, ती डोंगरावर मेंढ्या वळते. आणि एक वेंच."

"ती काय करते?"

"ती खानावळीत काम करते."

मेथीची काडी हातातच राहिली. "खानावळीत?"

"हो. मोठाले घडे उचलते, गिऱ्हाइकांना वाढते. सरदार असो की गाडीवान, कुणाला भीत नाही. एखादा आगाऊ बोलला तर असं उत्तर देते, की त्याच्या तोंडात घास फिरतो. खरं सांगू का आजी, बाकीच्या नुसत्या खिडकीत बसून उसासे टाकतात. सगळ्या काव्यात ही एकटी कमावून खाते. माझं चौथं प्रकरण तिच्यावरच आहे."

सगुणाबाईंनी पदराने डोळे टिपले. मेथीचं काही डोळ्यांत जात नाही, हे ललिताला ठाऊक होतं, म्हणून ती उठून आत गेली.

"म्हणजे इंग्रजांनी माझ्यासारख्या बाईवर कविता केल्या?"

हर्षल आणखी काही सांगणार होता. त्याने तोंड उघडलं, आजीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मिटलं. सगुणाबाईंना वाटलं, पोराचाही ऊर भरून आला.

"श्रीमती खोड," त्या म्हणाल्या. "वेंच सगुणाबाई लिही."

"आजी, पण..."

"आयुष्यात पहिल्यांदा तुझ्या शिक्षणाचा उपयोग होतोय, त्याला आडवा येऊ नको."

सुनीलने तो कागद भाऊकीच्या ग्रुपवर टाकला आणि चहा गाळून होईपर्यंत सायखेड्याहून विमलाबाईंचा फोन आला. सगुणाबाईंना कानाला लावून नीट ऐकू येत नसे, म्हणून त्यांचे सगळे फोन घरभर ऐकू यायचे.

"आक्का, ह्ये काय चाललंय? तुमच्या नावापुढं विंग्रजी मान, आन माझ्या नावापुढं नुस्तं सौ.? सौ. तर सगळ्या गावाला हाय! मी काय उकिरड्यावर पडलेली हाय का?"

"अगं, तुलाही देणार होते. चांगला निवडून देते की."

फोन ठेवला आणि सगुणाबाई हर्षलकडे वळल्या. त्यांच्या डोळ्यांत एक चमक होती. "ती ओढ्याकाठी केस धुणारी कोण रे?"

"मेडन."

"तिला कामधंदा?"

"काहीच नाही."

"मग तीच दे विमलला. शेतावर आली तरी बांधावर बसून वेणीच घालायची ती."

"आजी, मेडन म्हणजे कोवळी, लग्न न झालेली मुलगी. विमलआजी सत्तरीची आहे. तिला नवरा आहे!"

"नवऱ्याला कुठं इंग्रजी येतंय?"

मग त्यांनी विमलाबाईंना फोन लावून मीठमसाला लावून सगळं समजावलं. "तुझं ते देखणीचं हाय बाई. झऱ्याकाठी बसायचं, फुलं वेचायची, हाताला डाग नाय. माझं आपलं कष्टाचं. घडे उचलणारीचं, कमावणारीचं." पलीकडून विमलाबाईंनी "फुलं?" असं दोनदा विचारलं. मग "बरं" म्हणाल्या. ते 'बरं' काही नीट बसलेलं नव्हतं, पण सगुणाबाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही.

तृप्तीने बँकेतून आल्यावर कागद पाहिला आणि कपाळाला हात लावला. "दादा, हे काय आहे?"

"आजी म्हणाली."

"मग मी काही बोलत नाही," ती म्हणाली. मेंदीच्या रंगापासून जेवणातल्या पुरणपोळीपर्यंत तिची आजीशी आधीच पुष्कळ भांडणं चालू होती. नवं उघडायला तिच्याकडे ताकद नव्हती.

छापखान्यातून पत्रिका आल्या. पहिली पत्रिका रीतीप्रमाणे वणीच्या देवीला. सगुणाबाई स्वतः गेल्या आणि इंग्रजी बाजू वर करून पायाशी ठेवली. पुढचे आठ दिवस त्यांनी म्हसरूळमध्ये एकही दार सोडलं नाही. भजनी मंडळ, दूधवाला, पिठाची गिरणी, दवाखान्यातली नर्स. प्रत्येक ठिकाणी त्या नावावर बोट ठेवायच्या. "हे वाचलं का? वेंच. इंग्रजांच्या काव्यातलं आहे. खानावळ चालवणाऱ्या बाईला म्हणतात. नातू पाच वर्षं यावरच अभ्यास करतोय." भजनी मंडळातल्या बायकांनी तर एका सुरात "अय्या!" म्हणून टाळ्या वाजवल्या.

आणि मग मनमाडहून फोन आला.

रोहितची आई तो लहान असतानाच गेली होती. त्याला वाढवलं त्याच्या आत्याने, सावित्रीबाईंनी. त्यांनी लग्न केलं नव्हतं, आणि उभी हयात मनमाडच्या एका शाळेत इंग्रजी शिकवलं होतं. त्यांच्या शब्दापुढे रोहितचे वडील यादवराव श्वाससुद्धा विचारून घ्यायचे.

"उद्या दुपारी आम्ही येतोय," सावित्रीबाई म्हणाल्या. "पत्रिकेबद्दल बोलायचं आहे." आणि फोन ठेवला.

हर्षलने पोळीचा घास ताटात परत ठेवला. "त्या इंग्रजी शिकवायच्या?" त्याने विचारलं. "मी जरा उद्या हरसूलला जाऊन येतो. मित्राकडे."

"हरसूलला तुझा कोणता मित्र?"

"करतो एखादा."

"कुठं जायचं नाय," सगुणाबाई म्हणाल्या. "त्या तुझं कौतुक करायलाच येतायत. जाणकार बाई आहेत. नवा शर्ट घाल."

दुसऱ्या दिवशी सावित्रीबाई आल्या. खादीची साडी, सोनेरी काड्यांचा चष्मा, ताठ पाठ. मागून यादवराव, पेपर न सोडवलेल्या विद्यार्थ्यासारखे. बसल्या बसल्या सावित्रीबाईंनी पर्समधून पत्रिका काढली आणि टीपॉयवर ठेवली. ललिता पोह्यांचा ट्रे घेऊन दारातच थबकली.

"इंग्रजी बाजू कोणी लिहिली?"

"आमच्या नातवानं," सगुणाबाई अभिमानाने म्हणाल्या. "हा काय, पडद्यामागं. ये रे पुढं."

हर्षल पुढे आला. पडदाही थोडा बरोबर आला.

"विहीणबाई, तुमच्या नावापुढे काय छापलंय ते तुम्हाला माहीत आहे?"

"माहीत नसायला काय झालं? खानावळीत वाढते, कमावते, कुणाला भीत नाय, उलट बोलते."

"बरोबर." सावित्रीबाईंनी चष्मा काढून पुसला. "आणि पुढचं?"

"पुढचं काय?"

सावित्रीबाईंनी यादवरावांकडे पाहिलं. यादवरावांना लगेच खिडकीबाहेरचं एक झाड आवडलं. "पुढचं असं," त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "की बहुतेक काव्यांत ती वाढून झालं की गिऱ्हाइकांच्या मांडीवरही बसते."

"कुणाच्या?"

"जो बोलावील त्याच्या."

ट्रेमधल्या बशा वाजल्या. सगुणाबाईंच्या डोळ्यांसमोरून भजनी मंडळ गेलं, दूधवाला गेला, गिरणी गेली, नर्स गेली. शेवटी वणीची देवी आली. तिलासुद्धा त्यांनी बोट ठेवूनच दाखवलं होतं.

"माझ्या खानावळीत," त्या कशाबशा म्हणाल्या, "मांडी घालून बसायची सोय होती. मांडीवर बसायची नव्हती." मग मान सावकाश फिरली. "हर्षल. हे तुझ्या चौथ्या प्रकरणात होतं?"

"होतं," हर्षल पडद्याला म्हणाला. "पण आधी त्या शब्दाचा अर्थ नुसता मुलगी असाच होता, आजी. लोकांनी नंतर तो बिघडवला. आणि तू इतकी खूश होतीस..."

सगुणाबाईंनी हात वर केला. पोराचं नंतर बघता येणार होतं. आधी नातीचं लग्न.

"सावित्रीताई," त्या ताठ बसत म्हणाल्या, "चूक आमची. मला हवं ते म्हणा, ऐकून घेईन. पण पोरीचा यात काही दोष नाय. सोयरीक मोडायला आला असाल तर सरळ सांगा."

"सोयरीक?" सावित्रीबाई चमकल्या. "सोयरीक कशाला मोडू? वाचून मी एकटीच दोन दिवस हसतेय. भांडायला आलेय ते वेगळ्याच कारणासाठी. माझं नाव वाचा. मराठी बाजूला."

ललिताने पत्रिका उलटली. "कु. सावित्री."

"साठी उलटली माझी, आणि कु.! आणि इंग्रजी बाजूला? नुसतंच नाव. बोडकं. जन्मभर वर्गात शिकवलं, डॅम्सेल बुरुजात, सरदार घोड्यावर. खडू झिजले, घोडे संपले नाहीत. मला एकानंही कधी डॅम्सेल म्हटलं नाही, त्याचंही काही नाही. पण मुलीकडच्या सत्तरीच्या, नातवंडं असलेल्या बाईला 'मेडन', आणि मुलाकडची खरीखुरी बिनलग्नाची मी, तिला काही नाही? मुलाकडच्यांचा मान म्हणून काही असतो की नाही?"

"दोन दिवस हेच ऐकतोय मी," यादवराव झाडाला म्हणाले.

सगुणाबाईंच्या जिवात जीव आला. हे भांडण त्यांना कळत होतं. असली भांडणं त्यांनी जन्मभर केली होती.

"पत्रिका पुन्हा छापू या का?" ललिताने विचारलं.

"वणीला ठेवलेली पत्रिका बदलत नाहीत," सगुणाबाई म्हणाल्या. खरं कारण त्यांनी सांगितलं नाही. पत्रिका बदलली की विमल का म्हणून विचारणार, कुणीतरी सांगणार, आणि मग ती 'मेडन' आणि आपण हे असलं! उरलेला जन्म सायखेड्याच्या पाराजवळून जाता येणार नाही.

तेवढ्यात फोन वाजला. विमलाबाईच होत्या, आणि आवाज घरभर.

"आक्का, मी लय इचार केला. तुमी मला फशिवलं! केस धुनारी, फुलं येचनारी, म्हंजी आळशीच की! माझ्या सुना तोंडाला पदर लावून हसत्यात. मी काय कष्ट केले नाय? कांदा निंदला, गाया पाळल्या, चार पोरं वाढिवली. आन कमावनारीचा मान तुमी एकटीनं घेतला! मला त्ये नगं. मला तुमचं पायजे. वेंच."

हर्षलच्या हातातून पडदा सुटला. सावित्रीबाईंनी तोंडावर रुमाल दाबला. सगुणाबाईंनी डोळे मिटले, देवीला मनातल्या मनात हात जोडले, आणि मग अशा काही दुखऱ्या आवाजात बोलल्या, की ऐकणाऱ्याला वाटावं, अंगावरचा दागिना उतरवतायत.

"विमल, काहीही माग गं. पण ते माझ्या कष्टाचं हाय."

"थोरल्या हायेत ना तुमी? मग मन बी थोरलं करा!"

"भजनी मंडळात सगळ्यांना सांगून बसले मी..."

"त्यांना सांगा, छापताना अदलाबदल झाली. भाऊकीत मी सांगते. घरोघर जाऊन सांगते! लग्नाच्या लॉन्सच्या दारात फलक लावणार हायेत ना? त्याच्यावर बरोबर करून टाका. माझ्या नावापुढं वेंच, तुमच्या नावापुढं मेडन."

"घे बाई," सगुणाबाई उसासा टाकून म्हणाल्या. "धाकटी जाऊ म्हणजे लेकीसारखी. तुझ्यापेक्षा मला ते जास्त नाय."

फोन बंद झाला. सावित्रीबाई इतक्या हसल्या, की त्यांचा चष्मा पोह्यांत पडला. ललिताने तो धुऊन आणून दिला.

"आणि माझं काय?" डोळे पुसत त्यांनी विचारलं.

"फलकावर डॅम्सेल सावित्रीबाई. सगळ्यांत वर, मोठ्या अक्षरात."

"ते तर तृप्तीचं आहे ना?"

"तिला त्या दिवशी घोडेवाला घेऊनच चाललाय. तिला आता काय त्याचं?"

सावित्रीबाईंनी मान खाली घातली आणि पोहे खायला घेतले. पण त्यांच्या कानाच्या पाळ्या चांगल्या लाल झाल्या होत्या. यादवरावांनी कितीतरी दिवसांनी मोठा श्वास घेतला, न विचारता.

पाहुणे स्टेशनकडे निघाले. रिक्षा वळेपर्यंत सगुणाबाई फाटकात हात हलवत उभ्या राहिल्या. मागे वळल्या तर हर्षल पायरीवर उभा. त्याच्यातला अभ्यासक जागा झाला होता.

"आजी, हे बरोबर नाही. विमलआजीला खरा अर्थ सांगायला पाहिजे."

"सांग की. जेवढा मला सांगितलास तेवढा सांग."

"आजी!"

सगुणाबाईंनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत नीट न्याहाळलं, स्थळ बघायला आल्यासारखं. मग फाटकाची कडी लावत म्हणाल्या, "हे बघ हर्षल. तू डॉक्टर होशील की नाय, ते त्या विद्यापीठालाच ठाऊक. पण सगळं माहीत असून अर्धंच सांगायचं, आणि तेही असं, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं, हे ज्याला जमतं त्यानं पुस्तकांत सडू नये. त्यानं लोकांची लग्नं जुळवावीत."